गणित विभागातल्या सर-मॅडमना खुलं पत्र: मुलांचा रेझ्युमे एकदा तुम्हीच वाचा ना

सर, मॅडम, नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. गणितात एमएस्सी, पीएचडी करून बाहेर पडलेल्या मुलांचे रेझ्युमे आमच्या ॲनालिटिक्स टीमकडे येतात, पहिली चाळणी बऱ्याचदा माझ्याकडेच असते, आणि मी स्वतः गणितातूनच आलोय त्यामुळे जरा जास्तच निरखून वाचतो. मुलं हुशार असतात हो, समोर बसली की पाच मिनिटांत कळतं, पण समोर बसेपर्यंत पोचतातच किती, कारण त्या कागदावरून त्यांनी नक्की केलं काय हेच कळत नाही. वर नाव, खाली 'आव्हानात्मक वातावरणात माझी कौशल्यं वापरायची आहेत' छापाचं ऑब्जेक्टिव्ह, मग रिअल ॲनालिसिस, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, टोपॉलॉजी, फंक्शनल ॲनालिसिस अशी कोर्सची लांबलचक यादी, मग 'प्रोजेक्ट: अ स्टडी ऑफ मार्कोव चेन्स', आणि शेवटी छंद वाचन व संगीत. झालं. दुसरा रेझ्युमे उघडा, तोच. तिसरा उघडा, फक्त नाव बदललेलं.

हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहितोय त्याला कारण आहे. मुलांना सल्ले देणारे ढीगभर आहेत, पण ते सल्ले मुळात सेल्स, मॅनेजमेंट, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी बनलेत. 'विक्री 20 टक्क्यांनी वाढवली असं लिहा' म्हणतात. आता जी मुलगी दोन वर्षं सोबोलेव स्पेसेससारख्या अमूर्त गणितात डोकं घालून बसलीये ती कशाची विक्री वाढवणार? मग ती बिचारी काहीच लिहीत नाही, कोर्सची नावं टाकते आणि मोकळी होते. प्लेसमेंटवाल्यांना तिचं काम समजत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. तिने नेमकं काय केलं, त्यात अवघड काय होतं, कुठे अडकली आणि कशी सुटली हे जगात दोनच माणसांना माहितीये, एक ती आणि दुसरे तुम्ही, तिचे गाईड. आणि तुम्ही रेझ्युमे बघत नाही. 'ते आमचं काम नाही' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की ते पाठ झालंय.

इथे कुणीतरी रामानुजन यांचं नाव काढणारच, म्हणून आधीच बोलतो. 1913 च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र पाठवलं त्याच्या सुरुवातीला मी कोण, कुठे क्लार्क आहे, पगार किती, शिक्षण किती एवढंच होतं आणि मग पानंच्या पानं सूत्रं. आणि ते चाललं! पण त्याआधी केंब्रिजमधल्याच दुसऱ्या गणितज्ञांनाही त्यांनी लिहिलं होतं, तिथून काहीच हाती लागलं नव्हतं. गणित त्याच माणसाचं, वाचणारा बदलला. तुमच्या मुलांचा कागद आधी एचआरमधला कुणीतरी वाचतो, मग माझ्यासारखा कुणीतरी, आणि दोघांकडेही एका कागदाला द्यायला फार तर एखादं मिनिट असतं. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड एकत्र बसून तासन् तास सूत्रं तपासतील अशी सोय आमच्याकडे नाही.

बरं मग लिहायचं काय? त्या सोबोलेववाल्या मुलीचंच घेऊ. तिने लिहिलेलं असतं 'प्रोजेक्ट: वीक सोल्यूशन्स ऑफ इलिप्टिक पीडीई' (पीडीई म्हणजे पार्शल डिफरन्शियल इक्वेशन). शीर्षक म्हणून ठीक आहे, पण ते प्रकरणाचं नाव झालं, कामाचं नाही. आता तिला बसवून विचारा, बाई तू केलंस काय? ती सांगते, सर, कोएफिशियंट तुटक असले तरी सोल्यूशन असतं आणि एकच असतं हे कुठल्या अटींखाली ते सिद्ध केलं, मग फायनाइट एलिमेंटचा (जाळीसारखे छोटे तुकडे पाडून अंदाजे उत्तर काढायच्या पद्धतीचा) स्वतःचा कोड पायथनमध्ये लिहिला, आणि ज्याचं उत्तर आधीच माहितीये असा एक साधा केस घेऊन जाळी निम्मी बारीक केली की एरर चौथा हिस्सा होतो का, म्हणजे थिअरी म्हणते तसं होतं का, ते तपासलं, पहिल्यांदा नाही झालं, बाउंड्री कंडिशन लावताना चूक होती ती सापडली. अहो हे सोनं आहे! सिम्युलेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याही टीमला नेमका हाच माणूस हवा असतो, जो कोड लिहितो आणि तो बरोबर आहे हे थिअरीशी ताडून दाखवतो. आणि हे रेझ्युमेत कुठेही नाही. तिला वाटतं हे काय सांगायचं, हे तर करायचंच असतं. हे दोन ओळीत लिहायला तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवू शकेल असा माणूस तुमच्याच विभागात शेजारच्या केबिनमध्ये बसलाय.

किंवा ऑपरेशन्स रिसर्चचा मुलगा घ्या. 'इंटिजर प्रोग्रॅमिंग वापरून शेड्युलिंग' एवढं लिहितो. समजा प्रॉब्लेम हॉस्पिटलच्या शिफ्ट लावायचा होता, 40 नर्स, 28 दिवस, 3 शिफ्ट, म्हणजे 3,360 बायनरी व्हेरिएबल, हो-नाहीचे तेवढे निर्णय. हा आकडा लिहिला की मला लगेच अंदाज येतो की हे वहीतलं उदाहरण नाही. आणि पुढे जर लिहिलं की सगळ्या नर्स एकसारख्या असल्यामुळे सॉल्व्हर तीच तीच उत्तरं उलटीपालटी करून बघत बसायचा, म्हणून सिमेट्री मोडणारे कन्स्ट्रेंट घातले आणि वेळ तासांवरून मिनिटांवर आली, तर मी तो रेझ्युमे बाजूला काढून ठेवतो, बाकीचं वाचायच्या आधीच. कारण आता माझ्याकडे त्याला विचारायला प्रश्न आहे आणि त्याच्याकडे सांगायला गोष्ट आहे, इंटरव्ह्यू म्हणजे दुसरं काय असतं.

आकडे लिहा म्हटलं की मात्र मुलं दुसऱ्या टोकाला जातात. 'फ्रॉड डिटेक्शन मॉडेल, 99 टक्के ॲक्युरसी'. अरे, हजार व्यवहारांत पाच फ्रॉड असतील तर डोळे मिटून प्रत्येक वेळी 'फ्रॉड नाही' म्हणणाऱ्याची ॲक्युरसी 99.5 टक्के येते! म्हणजे तुझं मॉडेल डोळे मिटलेल्या माणसापेक्षाही वाईट निघालं. दुसऱ्या शाखेतल्या मुलाने हे लिहिलं तर मी एखादवेळेस सोडून देईन, गणितवाल्याने लिहिलं की जीव तुटतो. तिथे प्रिसिजन (फ्रॉड म्हटलेल्यांतले खरे किती) आणि रिकॉल (खऱ्या फ्रॉडपैकी पकडले किती) लिहायचं असतं, आणि किती फ्रॉड पकडले, किती खोटे अलार्म वाजले हे साध्या भाषेत सांगितलं तर त्याहून छान. तसंच ते आयरिस डेटासेटचं. 1936 साली संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या पेपरमध्ये आलेली ती 150 फुलं, आजही त्यांचं क्लासिफिकेशन करून मुलं रेझ्युमेवर टाकतायत. शिकायला उत्तम आहे, पण दाखवायला? ती फुलं एव्हाना सगळ्या जगाने ओळखून झालीयेत.

आणि ती स्किल्सची पट्टी! 'पायथन 80 टक्के, आर 65 टक्के, मॅटलॅब 70 टक्के', शेजारी निळी रंगवलेली रेघ. 80 टक्के कशाचे? छेद काय? शंभर टक्के म्हणजे कोण? जो मुलगा मेझर थिअरी, म्हणजे मापाचंच गणित, शिकलाय त्याने तरी माप न सांगता टक्के लिहू नयेत एवढी माझी माफक अपेक्षा आहे. त्यापेक्षा 'पायथन: नमपाय, पांडाज, दोन वर्षं, प्रोजेक्टचा सगळा कोड यात' हे बरं. आणि जे येत नाही ते लिहूच नका म्हणावं, कारण रेझ्युमेवरचा कुठलाही शब्द उचलून मी प्रश्न विचारू शकतो, आणि विचारतोच. 'स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस' लिहिलंय आणि इटोच्या फॉर्म्युल्यात ती जास्तीची टर्म येते कुठून हे सांगता आलं नाही की मग खरं येत असलेल्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मार्कांचंही एक सांगून टाकतो. नुसतं '8.7' लिहू नये, '10 पैकी 8.7' लिहावं. आपल्याला उघड वाटतं पण कागद कुठे जाईल सांगता येत नाही, जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वात वर आणि 5.0 म्हणजे नापास, तिथला वाचणारा 8.7 बघून करणार काय? स्पर्धांचंही तेच. पुटनम या अमेरिका-कॅनडातल्या कॉलेजच्या मुलांच्या गणित स्पर्धेत 120 पैकी गुण असतात आणि अनेक वर्षी निम्म्या मुलांना शून्य किंवा एखादा मार्क पडलेला असतो, त्यामुळे तिथले 30 म्हणजे भारी काम आहे, पण एचआरला ते 120 पैकी 30 दिसतात, म्हणजे नापास! शेजारी रँक लिहिली की प्रश्न मिटतो.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी फक्त गणितवाल्यांनाच छळते. आपण सगळं लाटेक या गणित छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, रेझ्युमेही. दिसतो देखणा, वादच नाही. पण नेहमीच्या पीडीएफ-लाटेकमधून काही वेळा अशी पीडीएफ निघते की तिच्यात एफ आणि आय ही जोडून छापलेली अक्षरं कॉपी करताना गायब होतात किंवा त्यांच्या जागी काहीतरी चिन्ह येतं. आता बघा, क्लासिफिकेशन, कोएफिशियंट, फायनाइट, फायनान्स, सर्टिफिकेट, इंग्रजीत यातल्या प्रत्येक शब्दात ती जोडी आहे. म्हणजे नेमके आपले शब्द! कंपन्या अर्ज ज्या सिस्टीममध्ये साठवतात ती रेझ्युमे आपोआप फेकून देते अशी भीती पसरलीये, ती जरा जास्तच पसरलीये, बऱ्याच ठिकाणी ती नुसती साठवते आणि शोधायला देते. पण शोधणाऱ्याने क्लासिफिकेशन टाइप केलं आणि तुमच्या मुलाच्या पीडीएफमध्ये तो शब्द मोडका असेल तर तो सापडायचा नाही, रागावून काय उपयोग. तपासायची पद्धत सोपी: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वाचा. तिथे जे दिसतं तेच मशीनला दिसतं. अक्षरं तुटत असतील तर फाइलच्या सुरुवातीला ग्लिफ-टू-युनिकोडची जोडणी चालू करा किंवा लुआ-लाटेक, झी-लाटेकने कंपाइल करा, बहुतेक वेळा भागतं. दोन कॉलमचे टेंप्लेटही याच कारणाने टाळावेत, पेस्ट केल्यावर डाव्या कॉलमची ओळ आणि उजव्या कॉलमची ओळ एकमेकांत घुसतात. फॉर्म्युला तर रेझ्युमेत घालूच नये, इंटिग्रलच्या चिन्हाचं पुढे काय होतं ते बघवत नाही.

नोकरी कुठली त्यावर कागद बदलतो हेही मुलांना माहीत नसतं, एकच फाइल सगळीकडे जाते. ॲक्चुअरीच्या (विम्यातली जोखीम मोजायच्या) नोकरीत पास झालेल्या परीक्षा सगळ्यात वर हव्यात, प्रोबॅबिलिटीची एक्झाम पी आणि फायनान्शियल मॅथेमॅटिक्सची एफएम दिली असेल तर महिना-वर्षासकट, आणि पुढची कधी देणार तेही, कारण तिथला वाचणारा आधी तेच शोधतो, एमएस्सीतले मार्क नंतर. क्लिनिकल ट्रायलच्या स्टॅटिस्टिक्समध्ये सॅस किंवा आर ही स्टॅटिस्टिक्सची सॉफ्टवेअर आणि सॅम्पल साइज कसा काढला ते. क्वांटवाल्यांना (फायनान्समध्ये गणिती मॉडेल बनवणाऱ्यांना) कोड, सीप्लसप्लस असेल तर उत्तम. ज्यांनी बीजगणित, नंबर थिअरी केलंय त्यांना तर सर, तुम्हीच सांगायला हवं की अमेरिकेच्या निस्ट या स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफीची (क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नये अशा कूटलेखनाची) पहिली स्टँडर्ड्स काढली, त्यातलं गुप्त किल्ली ठरवायचं एमएल-केम हे मॉड्यूल लॅटिस या बीजगणिती रचनेवर उभं आहे, आणि ज्या रिंग्ज आणि मॉड्यूल्स मुलं 'याचा उपयोग काय' म्हणत शिकतात त्याच तिथे रोजच्या कामाच्या आहेत. एखाद्या मुलाने त्याची खेळण्यातली का होईना आवृत्ती लिहून गिटहबवर टाकली आणि रेझ्युमेत लिंक दिली, तर 'ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा' या कोर्सच्या नावापेक्षा ती शंभर पट बोलते. तसंच लीनचं, म्हणजे कॉम्प्युटरकडून सिद्धता तपासून घ्यायच्या भाषेचं. तिच्या मॅथलिब या सामायिक लायब्ररीत एखादा छोटासा लेमा जरी मंजूर होऊन गेला असेल तर तो लिहावाच, अनोळखी माणसांनी तपासून घेतलेलं काम आहे ते, कुणीही उघडून बघू शकतं.

शुद्ध गणितवाल्यांनी मात्र ओढूनताणून डेटा सायन्सचा मुलामा देऊ नये. होमोलॉजीसारख्या अमूर्त विषयावर काम केलं असेल तर केलं म्हणा, सरळ म्हणा, एक अवघड गोष्ट एकट्याने वर्षभर धरून ठेवली, चाळीस पानांची मांडणी केली जिच्यात पोकळ जागा नाही, आणि ती पाच जणांना बोर्डावर समजावली. हे वाचून घेणारे घेतात. खालच्या वर्गाची ट्यूटोरियल घेतली, वह्या तपासल्या तेही लिहावं, का कुणास ठाऊक मुलं हे लपवतात. ज्याला एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) वैतागलेल्या फर्स्ट इयरला समजावता येतं त्याला मॅनेजरला कॉन्फिडन्स इंटरव्हल समजावता येईल, अशी माझी तरी पक्की समजूत आहे.

ॲकॅडमिक नोकऱ्यांचं वेगळं आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून थोडक्यात. तिथे एका पानाचा रेझ्युमे नाही, पूर्ण सीव्ही लागतो, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मॅथजॉब्जवर तर सीव्हीबरोबर रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट आणि शिफारसपत्रं असा संचच मागतात. पण तोच सीव्ही घेऊन मुलगी कंपनीत गेली की एक घोळ होतो. आपल्याकडे पेपरवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने येतात, बाकीच्या बऱ्याच शास्त्रांत पहिलं नाव म्हणजे ज्याने जास्त काम केलं तो. आडनाव झेडवरून असलेली मुलगी आयुष्यभर शेवटची, आणि वाचणाऱ्याला वाटतं हिने फक्त चहा आणला! पेपरच्या यादीखाली 'गणितातल्या प्रथेप्रमाणे लेखक अक्षरक्रमाने' एवढी एक ओळ टाकली की झालं. आणि गणिताच्या जर्नलमध्ये पेपर वर्ष-वर्ष पडून राहतो हेही बाहेर कुणाला माहीत नसतं, तेव्हा आर्काइव्ह (arXiv) या पेपर खुले ठेवायच्या साइटची लिंक द्यावी आणि सबमिटेड, ॲक्सेप्टेड, पब्लिश्ड जे असेल ते खरं लिहावं. 'इन प्रेपरेशन' नावाखाली चार पेपर लिहिलेले बघितले की मला हसू येतं, माझेही चार इन प्रेपरेशन आहेत, कायमचे.

फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, हे अर्जात मागितलं नसेल तर नको. ऑब्जेक्टिव्ह काढूनच टाका. छंद राहू देत एका ओळीत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तुमच्याकडे मागणं काय ते सांगतो, फार नाहीये. प्रोजेक्ट किंवा थिसिस जमा करताना तुम्ही मुलांकडून बाइंडिंग केलेली प्रत घेता, ॲब्स्ट्रॅक्ट घेता, सर्टिफिकेटवर सही करता. त्या यादीत अजून एक कागद वाढवा, अर्धं पान, गणित न शिकलेल्या पण डोकं असलेल्या माणसासाठी: प्रश्न काय होता, तू स्वतः काय केलंस, कशाने केलंस, ते बरोबर आहे हे कसं तपासलंस. आणि गाईडने तो वाचून सही करायची, जशी थिअरमच्या पानावर नजर ठेवून करता तशीच. यातलं 'तू स्वतः' महत्त्वाचं, कारण ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांच्या चार रेझ्युमेवर चारही जणांनी सगळं केलेलं असतं, आणि आमच्याकडे कधीकधी चौघंही एकाच दिवशी येतात! हा अर्धा पान कागद असला की रेझ्युमेतल्या त्या दोन ओळी त्यातून आपोआप निघतात, प्लेसमेंटवाल्यांनाही काहीतरी हातात मिळतं, आणि तुम्हाला शिफारसपत्र लिहिताना 'प्रामाणिक व कष्टाळू विद्यार्थी' यापलीकडे लिहायला मजकूर मिळतो. (ती पत्रंही आम्ही वाचतो बरं का, आणि तीही सगळी सारखीच असतात.)

अभ्यासक्रमात जागा नाही, वेळ नाही, हे मला मान्य आहे. म्हणून क्रेडिट वगैरे काही नको, सेमिनारचा एखादा तास द्या. मुलांनी रेझ्युमेच्या प्रिंट आणायच्या, नाव झाकायचं, एकमेकांत वाटायचे आणि समोरच्याने तीस सेकंदांत सांगायचं की या माणसाने काय केलंय. ज्याचं सांगता येणार नाही त्याने तिथेच बसून तेवढ्या दोन ओळी परत लिहायच्या, गाईड शेजारी. मला बोलावलंत तर मी येतो, माझ्यासारखे नोकरीत असलेले तुमचे जुने विद्यार्थीही येतील, विचारून तर बघा. पुढची बॅच प्रोजेक्ट जमा करायच्या आधीची कुठलीही तारीख कळवा, प्रोजेक्टर नको, लाल पेन मात्र भरपूर लागतील.

तुमच्याच शाखेतला,
एक रेझ्युमे वाचणारा